ऑटोमॅटिकला वळण दिसत नाही

ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंगची परीक्षा ऑटोमॅटिक गाडीत पास झालात, की लायसन्सच्या मागच्या बाजूला एक आकडा छापून येतो: 78. या माणसाने क्लचची गाडी चालवायची नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे स्कूटीवाल्यांना ‘विदाउट गिअर’चं लायसन्स मिळतं, त्यातलाच हा प्रकार. मॅन्युअलमध्ये पास झालात तर मात्र दोन्ही गाड्या मोकळ्या. मी मँचेस्टरला लागून असलेल्या स्टॉकपोर्टमध्ये ड्रायव्हिंग शिकवते, त्यामुळे या आकड्याशी माझा रोजचा संबंध. नवीन माणसाचा पहिला फोन येतो, फी आणि वेळ ठरते, आणि मग प्रश्न येतो तो हाच: ऑटोमॅटिकमध्ये शिकू की मॅन्युअलमध्ये? पुष्कळदा त्याला जोडून, जरा आवाज खाली आणून, ‘ऑटोमॅटिकवाल्यांना लोक हसतात का हो?’

हसतात, आणि मला त्याचा राग येतो. माझी शिकवण्याची गाडी गेली काही वर्षं ऑटोमॅटिक आहे आणि ती तशीच राहणार. पण घरासमोर माझी स्वतःची म्हणून जी दोन सीटांची, उघड्या टपाची माझदा एमएक्स-5 उभी असते, ती मॅन्युअल आहे आणि तीही तशीच राहणार. दोन्ही निर्णय मी पूर्ण विचाराने घेतले आहेत आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे.

आधी धंद्याचं सांगते. भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते. नंतर थेअरी, हॅझर्ड परसेप्शन, मग परीक्षकाला शेजारी बसवून रस्त्यावरची परीक्षा, सगळं पहिल्यापासून. आपली मराठी मंडळी येतात ती बहुतेक अकराव्या महिन्यात, घाईला आलेली. ‘ताई, मी दहा वर्षं कर्वे रोडवर गाडी चालवली आहे, मला गिअर शिकवू नका,’ असं एकाने पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याचं बरोबर होतं. गिअरचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो आरशांचा, मान वळवून मागचा कोपरा बघण्याचा, आणि राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याचा. परीक्षेत 15पर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर एकही चालत नाही. आणि गंभीर चुका होतात त्या न पाहिल्यामुळे. गिअर चुकीचा पडला म्हणून नापास झालेले मी फार कमी पाहिले. पाहायचं ते पाहिलं नाही म्हणून नापास झालेले मात्र सारखे भेटतात.

आता अगदी नवखा माणूस घ्या. सतरा वर्षांचा मुलगा, एल पाट्या लावलेली मॅन्युअल गाडी, समोर राउंडअबाउट. गाडीचा वेग कमी करायचा आहे, तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं आहे, क्लच दाबायचा आहे, उजवीकडे बघायचं आहे, डावीकडे इंडिकेटर द्यायचा आहे. त्याचा हात गिअरच्या दांड्यावर जातो आणि हातामागोमाग नजरही खाली जाते. अर्धा सेकंद, कधी एक सेकंद. तेवढ्यात डावीकडच्या कडेने एक सायकलवाली पुढे सरकते. त्याने तिला पाहिलेलंच नसतं. माझ्या पायाशी जादा ब्रेक आणि जादा क्लच असतो, तो मी दाबते, गाडी थांबते, सायकलवाली निघून जाते. मुलगा मला विचारतो, ‘मी दुसराच टाकला होता ना?’ हो, दुसरा अगदी बरोबर पडला होता.

अशा मुलाचं डोकं मंद नसतं. नवख्या माणसाकडे लक्ष मोजकंच असतं, आणि त्यातला मोठा हिस्सा डावा पाय आणि डावा हात खाऊन टाकतात. सवय झाली की क्लच पायाखाली आहे याची आठवणही राहत नाही, पण ती सवय होईपर्यंतचे महिने रस्त्यावरच काढावे लागतात, आणि रस्त्यावर इतर लोक असतात. ऑटोमॅटिकमध्ये तोच मुलगा पहिल्या तासातच मान वर करून बघायला लागतो. पुढच्या वळणावरच्या मुलांकडे, बसच्या मागून कोणी येतंय का त्याकडे. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की मला आता त्यात वाद वाटत नाही. म्हणून शिकवण्याची गाडी बदलली. आता माझ्याकडे टोयोटा यारिस हायब्रिड आहे. तिच्यात पायरीपायरीने बदलणारे गिअर नाहीतच. एक ग्रहचक्री दंतचक्रांचा संच इंजिन आणि दोन इलेक्ट्रिक मोटारींची ताकद एकत्र करून चाकांकडे पाठवतो. शिकणाऱ्याला यातलं काही माहीत असायची गरज नसते. माझ्या डाव्या गुडघ्यालाही आराम पडला, कारण शेजारच्या सीटवरून दुसऱ्याचा क्लच दाबण्याचं काम दिवसभर केलं की संध्याकाळी जिना चढताना ते समजतं.

ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला कोणी अर्धा ड्रायव्हर म्हणालं की मी तिथल्या तिथे बोलते. गेल्या काही वर्षांत इथे ऑटोमॅटिकमध्ये परीक्षा देणाऱ्यांचं प्रमाण वाढतच चाललं आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना क्लच नाही, आणि 2030नंतर निव्वळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारी विकू द्यायच्या नाहीत असं इथल्या सरकारचं धोरण आहे. आज सतरा वर्षांचं असलेलं पोर कदाचित आयुष्यात कधी क्लचची गाडी विकत घेणारच नाही. त्याला क्लच शिकण्याची सक्ती कशासाठी?

हे सगळं मनापासून मानणाऱ्या बाईने स्वतःसाठी मॅन्युअल का घेतली, ते सांगायचं तर थोडं कोल्हापूरला जावं लागेल.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. मे महिन्यात कधीतरी ते मला बरोबर न्यायचे. आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावड्यावरून खाली करूळ घाट. जुन्या गाड्यांना इंजिनाचं बॉनेट आत, ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं, त्याच्या बाजूच्या सीटवर मी. पाय भाजायचे, पण तिथून आबांचे हातपाय दिसायचे. त्या गिअरबॉक्सना सगळ्या गिअरवर सिंक्रोमेश नसायचा. वरून खालच्या गिअरला यायचं तर डबल क्लच: क्लच दाबून दांडा न्यूट्रलला, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक टपली, इंजिनाचे फेरे वर आले की पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. फेरे बरोबर जुळले तर दांडा आपोआप ओढल्यासारखा आत जायचा. नाही जुळले तर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा करकराट. आबांचा मी क्वचितच ऐकला. ते टॅकोमीटर बघत नव्हते, बऱ्याच गाड्यांना तो नसायचाच. ते ऐकायचे. आणि घाटमाथ्यावर आले की प्रत्येक वेळी, मी विचारो न विचारो, सांगायचे, ‘ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक तापवायचे नाहीत.’

म्हणजे गिअर हा माझ्या कानातून आत आलेला आहे. इथे आल्यावर बंद काचांच्या, उत्तम आवाजरोधक गाड्या चालवताना तो कान रिकामा राहायचा.

एमएक्स-5 ही गाडी जपानी असली तरी तिचं मूळ इथलं, इंग्लंडातलं आहे. हलकी, दोन सीटांची, मागच्या चाकांवर चालणारी, टप उघडणारी छोटी मोटार ही इंग्रजांची खास आवड. एमजीबी 1962 साली आली आणि 1980 साली बंद झाली. ट्रायंफ स्पिटफायरही 1980 सालीच थांबली. गळकं तेल, दमट विजेच्या तारा, अमेरिकेतले बदललेले नियम, कारखान्यांमधले तंटे अशा अनेक कारणांनी तो सगळा वर्ग दशकभरात संपला. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने 1970च्या दशकाच्या शेवटी माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवलं होतं, की अशी गाडी पुन्हा कोणीतरी करायला हवी. पुढे तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली ती झाली आणि फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांनी पाहिली. तेल गळत नाही आणि सकाळी एका किल्लीत सुरू होते, अशी इंग्रजी रोडस्टर जपानमधून आली. 2016च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटांच्या उघड्या गाडीसाठी हा आकडा अचाट आहे.

या जातीच्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअर लावण्याची कल्पना नवी नाही, हे इथल्या हौशी लोकांना आठवण करून द्यावं लागतं. एमजीबीलाही 1967पासून काही वर्षं बोर्ग-वॉर्नरचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक घेता येत असे. फार थोड्यांनी घेतला. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5ला जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणत. तिथून जुन्या होऊन इंग्लंडात आलेल्या गाड्यांत चार गिअरच्या ऑटोमॅटिकही होत्या. गिअरबॉक्स तोच, जपानमध्ये शहरातल्या गर्दीत त्याचं कौतुक व्हायचं, इथे त्याला नाक मुरडायचे. लोक जिथे राहतात तिथलं पाहतात.

आम्ही गाडी शोधायला लागलो तेव्हा घरातच पेच उभा राहिला. माझ्या नवऱ्याच्या लायसन्सवर 78 होता. इथे आल्यावरचे त्याचे बारा महिने संपत आले होते, लवकरची तारीख ऑटोमॅटिकला मिळत होती, त्याने ती घेतली. पुण्यात असताना वर्षानुवर्षं त्याने क्लचचीच गाडी चालवली होती, पण कागदावर तो ऑटोमॅटिकवाला. ‘दोघांच्या पैशातून येणार आहे ना गाडी? मग मी जन्मभर शेजारी बसायचं का?’ हा त्याचा मुद्दा मला उडवून लावता येण्यासारखा नव्हता. त्यात आणखी एक गुंता होता. त्या वेळी इंग्लंडात चौथ्या पिढीची एमएक्स-5 कापडी टपात घ्यायची तर ती मॅन्युअलच असायची. ऑटोमॅटिक हवी तर आरएफ घ्यावी लागे, म्हणजे घडीच्या कडक टपाची, दोन लिटर इंजिनाची. म्हणजे गिअरबॉक्स ठरवला की टपही ठरायचा.

आम्ही एक आरएफ ऑटोमॅटिक पाहायला गेलो. देखणी गाडी, यात शंका नाही. बटण दाबलं की मागचा भाग वर उचलला जातो, टपाचे तुकडे एकावर एक बसतात, वरचं झाकण परत खाली येतं. तेरा सेकंदांत सगळं. मागे दोन्ही बाजूंना खांब तसेच राहतात, त्यामुळे उघडी असूनही ती अंगावर थोडी पांघरूण ठेवते. विक्रेत्याने विम्याचे कागद बघून आम्हा दोघांनाच सोडलं, सीटाच दोन.

व्हेली ब्रिजहून बक्स्टनला जाणारा ए5004 रस्ता आहे, त्याला इथे लाँग हिल म्हणतात. चढताना नवऱ्याने चालवली. तो खूश. खाली दरी, पलीकडच्या डोंगरावर मेंढ्या, ओल्या गवताचा वास, आणि तो सगळ्याकडे बघतोय, माझ्याशी बोलतोय. ‘टप उघडून जायचं ते हे बघायलाच ना?’ तो म्हणाला. मी यात एक शब्दही कमी करणार नाही. ज्याला टप उघडून निवांत जायचं आहे त्याच्यासाठी हीच गाडी. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो, ते तेल पलीकडचा पंखा फिरवतं, वेग जुळले की दोघांना एक क्लच घट्ट जोडून टाकतो. थांबताना, निघताना जो मऊपणा जाणवतो तो या तेलाचा.

परतताना मी बसले. पुढे डावीकडे आत वळत जाणारं वळण. मी ॲक्सिलरेटर सोडला, कारण मला वळणासाठी वेग कमी करायचा होता. गिअरबॉक्सला वाटलं बाईंना आता निवांत जायचं आहे, त्याने वरचा गिअर टाकला. वळणाच्या मध्यावर मला गाडी चाकांवर घट्ट बसायला हवी होती, म्हणून मी पाय हलकेच दाबला. काही नाही. थोडा जास्त दाबला. आता त्याच्या लक्षात आलं, क्षणभर थांबून त्याने एकदम खालचा गिअर घातला आणि गाडी वळणातच उसळली. धोका काही नव्हता, वेग बेताचा होता. पण मला जे हवं होतं ते वळणाच्या आधी हवं होतं.

ही यंत्राची खोड नव्हे. ऑटोमॅटिकला माहिती मिळते ती माझ्या पायाची, चाकांच्या वेगाची, इंजिनावरच्या भाराची. पुढचं वळण त्याला दिसत नाही. ते मला दिसतं. स्पोर्ट मोड लावला की तो खालच्या गिअरमध्ये जास्त रेंगाळतो, आणि स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर आपणही बदलू शकतो. मी तेही करून पाहिलं, आणि बऱ्यापैकी जमलं. पण निर्णय मलाच घ्यायचा असेल, तर मला तो पूर्ण घ्यायचा आहे, डाव्या पायासकट.

शेवटी दीड लिटरची, कापडी टपाची, सहा गिअरची मॅन्युअल घेतली. वापरलेली, पण जपलेली. हिच्या गिअरबद्दल बोलायला लागले की नवरा उठून चहा टाकायला जातो, इतकी मी त्यात रमते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि गिअरचा दांडा लांबच्या केबलींनी गिअरबॉक्सला जोडलेला असतो. हिच्यात इंजिन उभं आहे, गिअरबॉक्स त्याच्यामागे, म्हणजे बरोबर दोन सीटांच्या मधे, आणि दांडा थेट त्याच्या डोक्यावर बसवलेला. त्यामुळे दांड्याचा प्रवास अगदी छोटा. मनगट हललं की पुरे, कोपर हलवायला लागत नाही. शिवाय गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक तुळई गेलेली आहे, पहिल्या पिढीपासूनच. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी दोन्ही एकमेकांच्या रेषेत राहतात, दांडा हातात थरथरत नाही. थंड सकाळी तेल घट्ट असतं तेव्हा दुसरा गिअर जरा नाखुशीने जातो. त्याला घाई करायची नाही, एखादा मैल जाऊ द्यायचा.

इंजिन 131 अश्वशक्तीचं. आजच्या मानाने काहीच नाही, इथल्या गृहिणींच्या डिझेल गाड्यांनाही खालच्या वेगात याहून जास्त जोर असतो. हिचा सगळा जोर 4800 फेऱ्यांच्या आसपास आणि खरी ताकद 7000ला. म्हणजे हिला योग्य गिअरमध्ये ठेवलं नाही, तर ही नुसती छोटी गाडी आहे. पण गिअर जवळजवळ लावलेले आहेत. तिसरा 2.035, चौथा 1.594. तिसऱ्यात पाच हजारांपर्यंत नेऊन चौथा टाकला की फेरे साधारण 3900वर येतात, जोर हातचा जात नाही. ताकद कमी असल्यामुळेच गिअर बदलण्याला अर्थ राहतो. तीनशे अश्वशक्तीच्या गाडीत या रस्त्यांवर दोन गिअरमध्ये सगळं संपतं.

आणि टप. आरशाजवळ मधोमध एकच कडी आहे. ती सोडायची, टप हाताने मागे ढकलायचा, सीटांमागे तो खाली बसेपर्यंत दाबायचा, खट्ट आवाज आला की झालं. सिग्नल लाल असेपर्यंत होतं. टप गेला की इंजिन ऐकू येतं. नुसतं मोठं नव्हे, तपशिलात. तिसऱ्यात चढावर ते जड व्हायला लागलं की आधी आवाजाला खरखर येते, मग जोर कमी होतो. ती खरखर ऐकून मी दुसरा टाकते. दगडी कुंपणांमधून जाताना आवाज भिंतींवरून परत येतो, तेव्हा तर काट्याकडे पाहायची गरजच नाही. माझ्या मते उघडी गाडी आणि हातातला गिअर यांची जोडी इथे जमते. टप बंद असलेल्या, शांत गाडीत मॅन्युअल असली काय नि नसली काय, मला फारसा फरक वाटत नाही.

धंद्यात लक्ष रस्त्याला द्यायचं असतं, शिकणाऱ्याला द्यायचं असतं. त्यातला थेंबही गिअरवर सांडू नये म्हणून तिथे ऑटोमॅटिक. रविवारी सकाळी मात्र माझ्याकडे लक्ष भरपूर असतं, आणि ते मला खर्च करायचं असतं. गिअर माझ्याकडून ते मागून घेतो. एवढंच माझं कारण आहे.

कॅसलटनजवळ विनॅट्स पास नावाची खिंड आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, मधून अरुंद रस्ता, पाचास एक असा चढ. शेजारच्या मॅम टॉर डोंगरावरून जाणारा ए625 रस्ता दरड खचून खचून 1979 साली कायमचा बंद केला, तेव्हापासून या बाजूची वाहतूक या खिंडीतूनच जाते. वरून खाली येताना लोकांचे ब्रेक जळल्याचा वास येतो. मी माथ्यावर दुसरा टाकते, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढते. गाडी इंजिनाला धरून उतरते. ब्रेकला हात लावायचा तो मेंढरू आडवं आलं तरच. पुष्कळ ऑटोमॅटिकमध्येही हे करता येतं, हाताने खालचा गिअर धरून ठेवायचा, पण लोकांना ते बटण कुठे आहे हे माहीत नसतं. म्हणून मी माझ्या ऑटोमॅटिकच्या विद्यार्थ्यांना हमखास उतारावर नेते आणि ते करायला लावते. आबांचं वाक्य त्यांना इंग्रजीतून ऐकावं लागतं.

नवऱ्याचा प्रश्न कागदाने निर्माण केला होता, कागदानेच सुटला. ऑटोमॅटिकचं पूर्ण लायसन्स मॅन्युअलसाठी शिकाऊ म्हणून चालतं. गाडीच्या पुढे आणि मागे एल पाट्या लावायच्या, विमा कंपनीला आधी कळवायचं, आणि शेजारी किमान 21 वर्षांचा, तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवायचा. तो माणूस मी. चकचकीत रोडस्टर, टप उघडा आणि बॉनेटवर लाल एल पाहून रस्त्यावरची पोरं हात करायची, तोही त्यांना हात करायचा. परीक्षेच्या तारखेसाठी काही महिने थांबावं लागलं, हल्ली इथे रांग लांब आहे. पास झाला. आता लायसन्सवर 78 नाही. तरी त्याला शेजारी बसायला जास्त आवडतं, आणि लाँग हिलवर तो म्हणाला ते मला आता जास्त पटतं.

मॅन्युअलचं दुसरं अंगही लिहिलं पाहिजे. मँचेस्टरभोवतीचा एम60 संध्याकाळी पाच वाजता या गाडीतून गाठू नये. पहिला, दुसरा, थांब, पहिला. त्यात आनंद शोधणारे लोक आहेत, मला तो सापडत नाही. गाडी रोज याच रस्त्यावरून न्यायची असती, तर मी आरएफ ऑटोमॅटिक घेतली असती. कोणी सल्ला विचारला की पहिला प्रश्न हाच करते: आठवड्यातले किती तास गर्दीत जाणार?

मागच्या वर्षी माझ्याकडे शिकून ऑटोमॅटिकवर पास झालेली एक नर्स आहे, आपल्या नाशिकची. तिला उघडी गाडी हवी होती, बजेट बेताचं, ड्यूटी कधी दिवसा कधी रात्री, आणि घर ते हॉस्पिटल सगळा रस्ता सिग्नलांचा. तिच्यासाठी आम्ही तिसऱ्या पिढीची, 2005 ते 2015 मधली, कडक टपाची एमएक्स-5 शोधली. त्या गाडीला दोन लिटरबरोबर सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळायचा. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की एमओटी तपासणीचा सगळा इतिहास दिसतो, तो आधी वाचला. मग जाऊन मागच्या चाकांच्या कमानींखाली आणि दाराखालच्या सिलवर बोटांनी दाबून बघितलं, कारण या गाड्या गंजतात त्या तिथूनच. टपावरचं पाणी सीटांमागून बारीक नळ्यांमधून खाली जातं. नळ्यांमध्ये पानं अडकली की ते पाणी सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून खातं. ही गाडी कोरडी होती. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंदही होती.

तिने पैसे भरले, किल्ली घेतली आणि विचारलं, ‘मॅडम, आता पुढच्या वर्षी मॅन्युअल पण शिकून घेऊ का? खरी मजा त्यातच असते म्हणतात.’

मी म्हटलं, ‘रविवारी डोंगरात जायला लागलीस आणि वाटलं, तर ये, शिकवते. या गाडीसाठी त्याची काही गरज नाही. आधी घरी गेल्यावर टप उघड आणि त्या दोन नळ्या साफ कर. बुधवारपासून पाऊस सांगितलाय.’